पाहुण्यासाठी विणलेलं

वाळुंजाच्या बेटात यंदा कोंब आले, पण वाढले नाहीत.

हिवाळा संपता संपता ओढ्याकाठची सगळी वाळुंजं नेहमीसारखी बुंध्यापाशी कापून झाली होती. मग बुंध्यांना डोळे फुटतात, कोंब येतात आणि पुढच्या कापणीपर्यंत त्यांच्या माणसाच्या उंचीच्या सरळ फोका होतात. त्या फोकांच्या टोपल्या, करंड्या, पाळणे. घरातली चार तोंडं त्यांच्यावर. यंदा मुलगा सकाळी बेटात गेला की त्याला बोटभर वाढलेले कोंब तिरके कापलेले दिसत. काप इतका स्वच्छ, की कुणीतरी सुरी फिरवून गेलंय असं वाटावं.

"ससे," तो घरी येऊन म्हणाला. "वरच्या बांधात बिळंच बिळं केलीत. आपण राखायचं आणि त्यांनी न्याहारी करायची."

"तू निमंत्रण दिलं असशील," माई म्हणाली. ती ओसरीत फोकांची सालं काढत होती. लोखंडी चिमट्यात फोक धरायची आणि एका दमात ओढायची. साल एकीकडे, पांढरी काडी दुसरीकडे. साल जमिनीवर पडते न पडते तोच ती झाडून टाकायची. या घरात दिवसभर विणकाम चालायचं, पण जमिनीवर काडीचा तुकडा सापडला तर शपथ.

मुलानं बांधावर तारेचे फास लावले. दुसऱ्या दिवशी तो पोत्यात काहीतरी हलतं घेऊन आला.

"मान अडकायची, तर पाय अडकला," तो म्हणाला. "जिवंत आहे. संध्याकाळच्या जेवणाची सोय."

पोतं उघडलं. मातकट रंगाचा रानससा, कान पाठीला चिकटलेले, मागच्या पायाला तारेनं कापल्याची जखम. तो पळाला नाही, ओरडला नाही, नुसता बसला. त्याची बरगडी इतक्या वेगानं हलत होती की एकेक ठोका वेगळा दिसत नव्हता.

"इकडे दे," आबा म्हणाले.

आबा कोपऱ्यातल्या पाटावर बसलेले होते. ते तिथंच बसलेले असायचे. पंचक्रोशीत त्यांच्या हातच्या टोपलीला तोड नव्हती, पण गेल्या वर्षी बोटांचे सांधे धरले, सुजले, आणि एका सकाळी भट्टीवाल्याची पावाची टोपली परत आली. भर रस्त्यात तिची कड सुटली होती, पाव धुळीत गेले होते. भट्टीवाल्यानं तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर दुपारी आबा आडवे झाले की मुलगा त्यांनी घातलेली कड उसवून नव्यानं घालायचा. एका दुपारी आबांना लवकर जाग आली. त्यांनी दारातून बघितलं, आत गेले, थोड्या वेळानं खाकरत बाहेर आले आणि म्हणाले, "चहा झाला का?" त्या दिवसापासून त्यांनी विणायचा टोचा हातात धरला नव्हता. विषय कुणीच काढला नाही. त्यांचे हात मांडीवर पडून असायचे, दुसऱ्या कुणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे.

त्या हातांत आता ससा होता.

"याचं काळीज बघ कसं," आबा म्हणाले. "घड्याळ बिघडल्यागत."

"आबा, सुरी आणू का?" मुलानं विचारलं.

"कशाला? दुखणाईत माणूस दारात आला तर तू त्याला शिजवतोस का?"

"तो माणूस नाही आणि आला नाही. मी आणलाय."

"मग तुझा पाहुणा," आबा म्हणाले. माईनं जखम मिठाच्या कोमट पाण्यानं पुसून काढली, कारण घाण जखम तिला बघवत नव्हती, मग ती कुणाचीही असो. ससा रात्रीच्या जेवणाला राहिला, पण ताटात नाही. त्याचं नाव पाहुणा पडलं ते तेव्हापासून.

मुलानं त्याला लाकडी खोक्यात ठेवला आणि वर फळी टाकली. सकाळी खोक्याच्या फटीतून सशाचं डोकं बाहेर आलेलं आणि तिथंच अडकलेलं सापडलं. सून, जी या घरात येण्याआधी शिवणकाम करायची आणि जिला आता माईपेक्षा बारीक वीण जमायची, तिनं फळी उचकटून त्याला सोडवलं.

"पिंजरा विणायला हवा," ती म्हणाली.

"मला फळवाल्याच्या करंड्या द्यायच्यात. सशाची घरं बांधायला वेळ नाही," मुलगा म्हणाला.

कोपऱ्यातून आवाज आला, "सूनबाई, फोका भिजत घाल. जाड घे. वाकड्या असल्या तरी चालतील."

सुनेनं मान वर केली नाही. तिनं हौदात फोका टाकल्या आणि वर दगड ठेवला. मुलानं काम थांबवलं. माईनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते लगेच पुन्हा सुरू केलं.

दुपारी आबांनी मांडीवर फळी घेतली. तळाच्या काड्या एकमेकींत खोचताना टोचा दोनदा हातातून निसटला. दोन्ही वेळा माईला अचानक खोकला आला आणि टोचा पडल्याचं कुणाला ऐकू गेलं नाही. संध्याकाळपर्यंत तळ झाला, दुसऱ्या दिवशी भिंती उभ्या राहिल्या. पिंजरा एका बाजूला कलला होता.

"ओढ्याकडे बघतोय," आबा म्हणाले. "मुद्दाम."

"हो तर," माई म्हणाली. "पाहुण्याला हवा लागायला नको?"

पाहुणा पिंजऱ्यात गेला आणि मागच्या कोपऱ्यात पाठ लावून बसला. गवत टाकलं तर माणसं हलेपर्यंत तोंड लावायचा नाही. कुणी जवळून गेलं की न दुखावलेला मागचा पाय जमिनीवर आपटायचा, असा की माईच्या हातातला चिमटा थांबावा. मग आबांनी त्याच्यासाठी एक लांबट बोगदा विणला, दोन्ही तोंडांना उघडा, आत अंधार. तो पिंजऱ्यात ठेवला मात्र, ससा आत शिरला आणि पहिल्यांदाच त्याचे कान थोडे सैल झाले. आबा पाटावरून वाकून वाकून बघत राहिले.

"आवडला," ते म्हणाले. "आपल्या कामाला गिऱ्हाईक मिळालं."

या घराची ही जुनी खोड. कसलीही अडचण आली की इलाज एकच, काहीतरी विणायचं. सून आजारी पडली तेव्हा तिला पाठीला टेकण विणून मिळालं होतं. शेजारच्या गवळ्याशी बांधावरून वाजलं तेव्हा मध्ये विणलेला कूड उभा राहिला, आणि तो इतका सुबक झाला की गवळ्यानं भांडण विसरून दुसऱ्या बाजूलाही मागितला. आता पाहुणा आजारी होता आणि आबांचे हात चालायला लागले होते. सकाळी उठल्याबरोबर ते बोटं कोमट पाण्यात बुडवून बसायचे. सून मनाशी म्हणायची, याचा पाय सावकाश बरा होऊ दे. मग तिला वाईट वाटायचं. पण एक गोष्ट तिला स्वच्छ दिसत होती. ससा गेला, की ते हात परत मांडीवर जाणार.

अडचण माईनं शोधून काढली.

"अगं बाई!" ती एका दुपारी ओरडली. "हा... हा काय खातोय?"

सगळे धावले. ससा बोगद्याच्या तोंडाशी बसला होता. त्यानं अंग दुमडलं, डोकं मागच्या पायांमध्ये घातलं, क्षणभर तिथं ठेवलं आणि मग वर येऊन शांतपणे चघळायला लागला.

"अंग चाटत असेल," आबा म्हणाले.

"चाटत नाही हो! तिथून घेतोय. थेट तिथून!" माईनं पदर नाकाला लावला. "माझ्या घरात? मी इथं दिवसातून पन्नासदा झाडू मारते आणि हा..."

"ससाच तो. त्याला काय कळतं?" मुलगा म्हणाला.

"न कळणाऱ्याला शिकवायचं असतं. तुला नाही शिकवलं मी? तू तर माती खायचास."

माईनं दोन दिवस पाळत ठेवली. सशाच्या लेंड्या दोन तऱ्हेच्या होत्या. एक कोरड्या, गोल, वाटाण्याएवढ्या. त्या पिंजऱ्यात पडायच्या आणि त्यांच्याकडे तो ढुंकून बघायचा नाही. दुसऱ्या मऊ, चकाकत्या, द्राक्षाच्या लहानशा घडासारख्या. त्या जमिनीपर्यंत पोचायच्याच नाहीत. हे सगळं तिनं जेवताना सांगितलं, आणि सांगू नकोस म्हणणाऱ्याला तिनंच घाण बोलणारा ठरवलं.

"असं खाऊन पोटात किडे होतील त्याच्या," ती शेवटी आबांना म्हणाली. "तुमचा पाहुणा आहे. बघा काय करायचं ते."

मुलानं एकदा एका कुत्र्याच्या गळ्यात नरसाळं बघितलं होतं, टाके चावू नयेत म्हणून घातलेलं. त्यानं ते हवेत बोट फिरवून दाखवलं. आबांचे डोळे चमकले. त्यांनी फोका उभ्या चिरायला घेतल्या, इतक्या बारीक की पातीसारख्या लवाव्यात. बोटं दुखली की पाण्यात बुडवायची, पुन्हा बसायचं. नरसाळं तयार झालं तेव्हा मुलानं ते हातात घेऊन उजेडाकडे धरलं. वीण एकसारखी होती. गळ्यात टोचू नये म्हणून आतली कड दुहेरी वळवली होती. त्यानं सवयीनं कडेवरून अंगठा फिरवला, कुठं सैल लागते का बघायला. लागली नाही.

"मला नाही जमणार असं," तो म्हणाला. ते खरंच होतं.

आबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि संध्याकाळी एक भाकरी जास्त खाल्ली.

नरसाळं घातल्यावर पाहुण्याला खालचं गवत तोंडानं उचलता येईना. बोगद्यातही शिरता येईना. नरसाळं तोंडाशी अडायचं. माई पावाचा मऊ लगदा करून बोटानं भरवायची, गाजराचे शिजवलेले तुकडे द्यायची. "आता कसं शहाण्यासारखं जेवतो," म्हणायची. पायाची जखम भरून आली. पण ससा भरेना. पाठीचं हाड हाताला लागायला लागलं. केस राठ झाले. आणि ज्या घाणीसाठी हा सगळा खटाटोप, ती आता त्याच्या मागच्या अंगाला चिकटून बसायला लागली, कारण तिला जायला दुसरी जागा राहिली नव्हती. ऊन वाढलं तशा माश्या आल्या.

"आधी बरा होता की नाही?" सून एकदा मुलाला हळूच म्हणाली. "नरसाळं घातल्यापासून उतरला."

"मग काढ."

"तुम्ही काढा. तुमचे वडील आहेत."

मुलानं ओसरीकडे बघितलं. आबा नव्या फोका उंचीप्रमाणे लावत बसले होते, तोंडानं काहीतरी गुणगुणत.

"दोन दिवस बघू," तो म्हणाला.

दोन दिवस माई थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सशाला उचललं, भिजवणीच्या हौदापाशी नेलं आणि घाण धुऊन काढायला त्याचं मागचं अंग पाण्यात बुडवलं. पाणी रात्रभर गार झालेलं. सशानं एकदा जोरात पाय झाडले, आणि मग तो तिच्या हातात ओल्या फडक्यासारखा लोंबला.

"अहो!" माई म्हणाली. आवाज तिचा वाटला नाही. "अहो, याला काय झालं?"

सुनेनं तिच्या हातातून ससा घेतला, पोत्यात गुंडाळला आणि छातीशी धरला. काळीज चालत होतं, पण फार आत कुठंतरी. "गवळ्याकडे डॉक्टर आलीय," ती म्हणाली. "मघाशी गाडी बघितली मी." आणि ती तशीच अनवाणी निघाली.

गवळ्याच्या गोठ्यात गुरांची डॉक्टर, नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी, खांद्यापर्यंत गाईत होती.

"ससा आहे, मरतोय," सून म्हणाली.

"पाण्यात पडला?"

"पाडला."

"पुसून कोरडा करा, अंगाशी धरून ठेवा. माझा हात मोकळा झाला की येते." गाईनं मागं वळून बघितलं. "हिचीही काही हरकत नाही," डॉक्टर म्हणाली.

ती आली तेव्हा माई साबण आणि तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं डॉक्टरचा हात कोपरापर्यंत स्वतः धुतला, नखं बघितली, आणि मगच आत घेतलं. ससा तोवर चुलीजवळ, सुनेच्या मांडीवर, डोळे उघडून होता.

"सशाला धुवायचं नसतं, माई," डॉक्टर म्हणाली. "भीतीनंच जातो तो, थंडीनं नंतर." तिनं त्याचं मागचं अंग बघितलं, कोमट ओल्या कापडानं थोडं थोडं पुसलं, केसांत माशीची अंडी आहेत का ते फुंकर मारून मारून तपासलं. मग ओठ वर करून दात बघितले. पुढचे दात लांब झाले होते. मग तिनं नरसाळ्यावर टिचकी मारली.

"हे कुणी घातलं?"

सुनेनं माईकडे बघितलं.

"मी विणलं," आबा म्हणाले.

"मी विणायला लावलं," माई म्हणाली. "तो घाण खात होता हो. स्वतःची."

"मऊ? चकाकती? घडासारखी?"

"म्हणजे सगळेच खातात?"

डॉक्टर खाली बसली. "ससे मी फारसे तपासलेले नाहीत. पण हे पक्कं आठवतं, कारण परीक्षेत आलं होतं आणि मी चुकले होते. गाय काय करते? गवत खाते, पोटात मुरवते, परत तोंडात आणून चघळते."

"रवंथ."

"रवंथ. गाईची मुरवायची हंडी पुढच्या दाराशी, पोटातच. सशाची हंडी पार मागच्या दाराशी. गवत तिथं मुरतं, त्यातलं सत्त्व तिथं तयार होतं, पण तोवर माल घराबाहेर पडायच्या बेतात असतो. मग सगळा मुरलेला माल फुकट घालवायचा का? तो दारातच उचलतो आणि पुन्हा आत घेतो. दुसऱ्यांदा पचवतो. ही घाण नाही, माई. हे त्याचं अर्धं जेवण."

माईनं हातातला तांब्या खाली ठेवला. गवळ्याच्या गोठ्यातून गाय हंबरली.

"म्हणजे मी रवंथ करणाऱ्या गाईचं तोंड बांधलं," ती म्हणाली.

"बांधलंत, आणि वर तिला पाव भरवलात. त्याला गवत हवं. दात आयुष्यभर वाढतात त्याचे, गवतानं आणि सालीनं झिजतात. सशाचं सगळं पथ्य तुमच्या अंगणात पडलंय."

सगळे नरसाळ्याकडे बघत होते आणि आबांकडे बघायचं टाळत होते. सुनेनं गाठ सोडायला बोट नेलं, पण तिचा हात पुढं होईना. त्या घरात वर्षभरात झालेलं ते सगळ्यात देखणं काम होतं.

आबांनी खिशातली छोटी सुरी काढली. "पोरी, घट्ट धर त्याला," म्हणाले, आणि दुहेरी वळवलेली कड एका जागी कापली. नरसाळं उघडून जमिनीवर पडलं. कुणीच हललं नाही. डॉक्टर पाय आखडून बसली होती, माई श्वास धरून.

ससा मांडीवरून घसरून खाली उतरला. दोन पावलं गेला. नाक हलवलं. मग त्यानं नरसाळ्याची कड दातात धरली आणि कुरतडायला लागला. करकर करकर आवाज येत राहिला.

आबा आधी नुसते बघत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "भट्टीवाल्यानं कड परत पाठवली," ते हसू आवरत म्हणाले, "आणि याला बघा. याला नेमकी कडच गोड लागली!"

मुलानं बापाकडे बघितलं. भट्टीवाल्याचं नाव या घरात त्या दिवसानंतर पहिल्यांदा निघालं होतं. आबांचं हसू थांबेना तसा तोही हसायला लागला, मग सून, आणि डॉक्टर, जिला काहीच माहीत नव्हतं, ती सगळ्यात मोठ्यानं.

त्यानंतर पाहुण्याला पिंजऱ्यात हवं तेवढं गवत मिळालं, सालीसकट फोका मिळाल्या, आणि दुपारचा निवांतपणा मिळाला. दुपारी त्याच्या रवंथाची वेळ झाली की माई सगळ्यांना ओसरीतून हाकलायची. "जेवताना कुणाच्या तोंडाकडे बघत बसू नये," म्हणायची. "तुम्हाला आवडेल का?" ती स्वतः पाठ फिरवून सालं काढायची. पाठीचं हाड हळूहळू मांसात बुडालं. दात झिजून जागेवर आले. मागच्या पायात जोर आला, आणि त्या जोरानं तो पिंजऱ्याचा तळ उकरायला लागला. आबा तळ दुरुस्त करायचे. तो पुन्हा उकरायचा.

डॉक्टर गवळ्याकडे आली की डोकावून जायची. एकदा आली तेव्हा ससा आबांच्या मांडीवर होता आणि आबा त्याच्या पाठीवरून बोटांची मागची बाजू फिरवत होते. पुढची बाजू राठ होती ना.

"बघा कसा गप्प बसतो," आबा म्हणाले. "आधी पळायचा. आता माया लागली."

डॉक्टर त्यांच्या शेजारी टेकली. "आबा, सांगू का?"

"सांग की."

"कान बघा त्याचे. पाठीला चिकटलेत. डोळे बघा, पांढरं दिसतंय. माणसाळलेला ससा पसरून बसतो. हा गप्प बसलाय तो भीतीनं. रानातला ससा, पकडला गेलाय असं वाटलं की दगड होतो. त्याचे आईबाप, आजे, पणजे सगळे बिळात वाढले. हा एका ऋतूत पाळीव कसा होईल?"

आबांची बोटं थांबली. त्यांनी हात सशाच्या छातीखाली नेला. पहिल्या दिवशी पोत्यातून काढल्यावर जसं होतं, तसंच ते काळीज धावत होतं. बिघडलेल्या घड्याळागत. त्यांनी ससा उचलून बोगद्याच्या तोंडाशी ठेवला. तो आत गेला, आणि आत गेल्यावर त्याचे कान सैल झाले.

"हे मला आधीच दिसलं होतं," आबा म्हणाले. "बघितलं नाही एवढंच."

त्या संध्याकाळी ते पाटावर जाऊन बसले. हात मांडीवर होते. सुनेला ते हात बघवेनात. ती उगीचच भांडी घासत राहिली.

"सोडायचा म्हणताय तर सोडू," मुलगा म्हणाला तेव्हा आबांनी मान वर केली.

"मी कुठं म्हणालो?"

"चेहरा म्हणतोय. पण आबा, तो सुटला की थेट बेटात जाणार. त्याचे भाऊबंद आधीच आहेत तिथं. मी पुन्हा फास लावणार, आणि पुन्हा तोच सापडला तर? मी काय करू, पाया पडू त्याच्या?"

हा प्रश्न खरा होता. कोंब अजून वीतभरावर गेले नव्हते. असेच खाल्ले गेले तर पुढच्या वर्षी विणायला फोकाच नसणार, मग ससे पाळा नाहीतर सोडा.

"फास नको," माई म्हणाली. "घरी राहून गेलेल्याला फास लावत नाहीत."

"मग कोंब कसे राखायचे? रात्रभर बुंध्याबुंध्यापाशी तू झाडू घेऊन उभी राहणार आहेस?"

आबा पिंजऱ्याकडे बघत होते. ससा तळ उकरत होता. त्यानं आजही तळाच्या मधोमध भोक पाडलं होतं, आणि नुसत्या भिंती उभ्या होत्या, एका बाजूला कललेल्या.

"तळ नको," आबा म्हणाले.

"काय?"

"तळ नको, झाकण नको. नुसत्या भिंती. बुंध्याभोवती बसवायच्या, मांडीएवढ्या उंच. कोंब आत. ससा बाहेर." ते पाटावरून उठले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि पिंजरा दोन्ही हातांनी उचलला. तळ मागं राहिला, भिंती हातात आल्या आणि ससा बोगद्यात पळाला. "एवढे दिवस आपण उलटं विणत होतो. ज्याला राखायचं त्याला आत घालायचं सोडून ज्याच्यापासून राखायचं त्याला आत घातलं."

मुलानं बेटातले बुंधे मनात मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. "आबा, बुंधे किती आहेत माहितीय ना? जन्म जाईल विणता विणता."

"माझ्याकडे तेवढाच वेळ आहे," आबा म्हणाले. "तुला फळवाल्याच्या करंड्या द्यायच्यात. जा."

"आणि एवढ्या फोका?"

"टाकाऊ आहेत ना. वाकड्या, गाठाळ, फाटे फुटलेल्या. तू त्या चुलीत घालतोस. कुंपणाला देखणेपणा कशाला? ते काय बाजारात न्यायचंय?"

मग त्या घरात एक नवं काम सुरू झालं. आबा उभ्या काड्या थेट बेटातल्या मातीतच बुंध्याभोवती गाडायचे आणि तिथंच, पाटावर बसून, बुंध्याला प्रदक्षिणा घातल्यासारखं सरकत सरकत वीण चढवायचे. जाड फोका त्यांच्या बोटांना सोप्या जात. बारीक कामापेक्षा मुठीची ताकद जास्त लागे, आणि मूठ अजून त्यांची होती. माई पाट सरकवायला जायची आणि सरकवताना सल्ले द्यायची. गवळी एकदा बांधावर उभं राहून म्हणाला, "आबा, झाडांना टोपल्या घालायला लागलात?" आबा म्हणाले, "तुझ्या गाईंनाही घालतो, आधी हे होऊ दे."

कुंपणाच्या आत कोंब वीतभर झाले, हातभर झाले. बाहेरच्या उघड्या बुंध्यांवर ससे अजून ताव मारत होते. मुलगा बांधावरच्या तारा गोळा करून आणून अडगळीत टाकत म्हणाला, "तुमच्या कामापेक्षा त्यांची भूक जास्त आहे."

"म्हणून तर घाई आहे," आबा म्हणाले. घाई हा शब्द त्यांनी फार दिवसांनी वापरला.

ओढ्याकाठचे बुंधे झाकून झाले त्या संध्याकाळी पाहुण्याला बोगद्यात घालून, दोन्ही तोंडांना गवताचे बोळे लावून, सगळे बेटात गेले. ऊन उतरलं होतं. बांधावर बिळांपाशी दोनचार कान हलत होते. आबांनी बोगदा जमिनीवर ठेवला आणि बोळा काढला. काहीच झालं नाही.

"झोपला असेल," माई म्हणाली. "सवय झाली त्याला माझ्या घराची."

"गप्प," आबा म्हणाले.

आधी नाक आलं. मग डोकं. मग ससा बाहेर येऊन बसला, आणि पहिल्यांदाच त्याचे कान उभे होते, पूर्ण उभे, मावळत्या उजेडात आतल्या शिरा दिसाव्यात इतके. त्यानं मागचा पाय एकदा जमिनीवर आपटला. बांधावरचे कान नाहीसे झाले. मग तो निघाला. लंगडला नाही. पांढरी शेपटी दोनदा दिसली, आणि मग नुसतं गवत हललं.

"एकदा वळून बघायला काय झालं होतं?" माई डोळे पुसत म्हणाली.

"तू पाण्यात बुडवलंस ना त्याला," आबा म्हणाले. ती रडता रडता हसली आणि त्यांच्या दंडावर चापट मारली. घरी येताना रिकामा बोगदा मुलानं घेतला. आबांचे हात मोकळे होते. सून त्या हातांकडे बघत मागून चालत राहिली.

सकाळी ती उठली तेव्हा कोपऱ्यातला पाट रिकामा होता. माई अंगण झाडत होती, पण तिलाही माहीत नव्हतं. सून तशीच ओढ्याकडे पळाली.

आबा बेटात होते. सगळ्यात वरच्या, बांधाजवळच्या कुंपणापाशी ते उकिडवे बसले होते. त्याच्या आतले कोंब दव अंगावर घेऊन सरळ उभे होते, एकालाही धक्का नव्हता. पण कुंपणाची वरची कड एका बाजूनं पार कुरतडलेली होती. कोणीतरी मागच्या पायांवर उभं राहून, बाहेरून, शांतपणे कड सोलून खाल्ली होती. तिरके, स्वच्छ काप. खाली मातीत वाटाण्याएवढ्या कोरड्या लेंड्या.

"आबा?" सून म्हणाली.

त्यांनी वळून बघितलं. तोंडभर हसू होतं.

"इतकं सगळं रान पडलंय खायला," ते म्हणाले, "आणि याला माझी कडच सापडते." त्यांनी खाल्लेल्या जागी अंगठा फिरवला, किती काड्या नव्या लागतील याचा अंदाज घेत. "रोज खाणार हा. रोज घालावी लागणार." आणि गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाले, "चल पोरी, फोका भिजत घाल. जाड घे."